उलट्या दुर्बिणीतून

वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्या, रस्त्यांवरचे फलक आणि रुग्णालयांची गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रके यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठीत एक नवा गद्यप्रकार रूढ केला आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतलेली नाही. दखल घेण्याजोगे त्यात काही आहे असे त्यांना वाटतही नसावे. या गद्याचा नायक (बहुतेकदा नायिका) म्हणजे ‘अतिस्थूल रुग्ण’. तिची दोन छायाचित्रे, एक ‘आधी’चे आणि एक ‘नंतर’चे. दोहोंच्या मध्ये विशेषणांची आणि क्रियाविशेषणांची एक छोटी रांग: दुर्बिणीतून, विनाटाका, अल्पछेदी, दोन दिवसांत घरी. व्याकरणाच्या दृष्टीने या गद्याचे वैशिष्ट्य असे, की त्यात कर्म सापडत नाही. दुर्बिणीतून नेमके काय केले जाते, कोणता अवयव कापला जातो, किती कापला जातो आणि तो पुन्हा मिळतो का, हे सारे प्रश्न त्या दोन छायाचित्रांमधल्या पांढऱ्या पट्टीत गडप झालेले असतात.

प्रस्तुत लेखाचा वाद शस्त्रक्रियेशी नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया हा परिणामकारक, दीर्घकाळ अभ्यासला गेलेला आणि अनेकांचे आयुष्य वाढवणारा उपचार आहे. माझा वाद आहे तो या शस्त्रक्रियेला लहान करून दाखवणाऱ्या भाषेशी. ही भाषा दोन ठिकाणी बोलली जाते. एक बाजारात, जिथे शस्त्रक्रिया विकायची असते. आणि दुसरी आपल्या घरांत, लग्नसमारंभांत, प्राध्यापकांच्या बैठकखोलीत, जिथे तीच शस्त्रक्रिया ‘शॉर्टकट’ म्हणून हिणवली जाते. विकणारा तिला सोपी म्हणतो, हिणवणाराही सोपीच म्हणतो. दुर्बीण उलटी धरली की समोरचा डोंगरही खड्याएवढा दिसतो. इथे दोघांनीही दुर्बीण उलटीच धरलेली आहे, आणि मधल्या मध्ये ज्याचे पोट कापले जायचे त्याला खरे माप कुणीच सांगत नाही.

प्रथम दुर्बिणीचे देणे मान्य करू. १९८५ साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी लहान छिद्रांतून पित्ताशय काढले, तेव्हा त्यांच्याच देशातील शल्यचिकित्सकांनी त्यांना गांभीर्याने घेतले नाही. पुढच्या पाच-सात वर्षांत चित्र पालटले. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया केली. १९९४ साली कॅलिफोर्नियातील ॲलन विटग्रोव्ह आणि वेस्ली क्लार्क यांनी लठ्ठपणावरची बायपास शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोकळी फुगवायची, पाच ते बारा मिलिमीटरची चार-सहा छिद्रे पाडायची, एकातून कॅमेरा आणि इतरांतून लांब दांड्यांची हत्यारे घालायची, आणि पडद्याकडे पाहत काम करायचे, अशी ही पद्धत. जाड पोटभिंतीच्या रुग्णाला तिचा विशेष लाभ होतो. मोठ्या छेदाची जखम चिघळण्याची, पुढे तिथे हर्निया होण्याची, वेदनेमुळे खोल श्वास न घेता आल्याने फुप्फुसे बिघडण्याची भीती अशा रुग्णाला सर्वांत जास्त असते. ती दुर्बिणीने खूपच कमी केली. रुग्ण दुसऱ्या दिवशी चालू लागतो. हातावर पोट असलेल्या माणसाला लवकर कामावर परतता येते. हे उपकार खरे आहेत आणि ते नाकारण्याचा करंटेपणा कुणी करू नये.

परंतु दार लहान असले म्हणून घरातली उलथापालथ लहान ठरत नाही. आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या प्रकाराचे नाव आहे ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’. स्लीव्ह म्हणजे बाही. पखालीसारख्या फुगणाऱ्या जठराचा बाहेरच्या वळणाकडचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून वेगळा करायचा आणि उरलेल्या जठराची सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी ठेवायची. कापलेला भाग त्या प्रसिद्ध लहान छिद्रांपैकीच एकातून, ते थोडे ताणून, बाहेर ओढून काढला जातो. तो परत बसवता येत नाही. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या आरंभीच्या भागाला वळसा घालून जाते. हे काम छिद्रांतून झाले काय किंवा हातभर छेदातून झाले काय, आत जे बदलते ते तेवढेच.

किंबहुना, या शस्त्रक्रियेने माणसे जास्त जगतात हे ज्या पुराव्याने सिद्ध झाले, तो पुरावा मुख्यतः मोठ्या छेदाचाच आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले सुमारे २,००० आणि शस्त्रक्रिया न झालेले तेवढेच रुग्ण वर्षानुवर्षे पाहिले गेले. त्यातील बहुसंख्य शस्त्रक्रिया पोट उघडून केलेल्या होत्या. २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. म्हणजे जीव वाचवला तो आतल्या बदलाने. छिद्राच्या लहानपणाने नव्हे. दुर्बिणीने तोच बदल कमी त्रासात घडवून आणला, एवढेच तिचे श्रेय, आणि ते पुरेसे मोठे आहे. मात्र जाहिरात श्रेयाची अदलाबदल करते. ती उपचाराचा गुण म्हणून वाटेचा गुण सांगते.

त्याच अभ्यासातील आणखी एक आकडा ‘आधी-नंतर’वाल्या गद्यात कधी येत नाही. बायपास झालेल्यांचे वजन दहा वर्षांनंतर मूळ वजनाच्या सरासरी २५ टक्क्यांनी कमी राहिले होते. वैद्यकाच्या दृष्टीने हे यश आहे. रक्तदाब, मधुमेह, झोपेत श्वास अडकणे यांवर त्याचा फार चांगला परिणाम होतो. परंतु हिशेब करून पाहा: १२० किलोंचा माणूस दहा वर्षांनी ९० किलोंचा. तो अधिक निरोगी आहे, जिने चढतो, पण त्या गुळगुळीत माहितीपत्रकातल्या ‘नंतर’च्या छायाचित्रात तो बसत नाही. ज्याला उपचार म्हणून शस्त्रक्रिया दिली गेली तो या ९० किलोंवर समाधानी राहील. ज्याला रूपांतर म्हणून विकली गेली त्याला आपण फसलो असे वाटेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे, आपणच पुन्हा नापास झालो असे वाटेल. अमेरिकेतील यूटा राज्यात झालेला आणि २००७ सालीच प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास या दृष्टीने अस्वस्थ करणारा आहे. बायपास झालेल्यांचे एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी झाले होते. परंतु अपघात, आत्महत्या यांसारख्या, रोगाव्यतिरिक्तच्या कारणांनी होणारे मृत्यू मात्र त्यांच्यात अधिक होते. पोट बदलते तेव्हा माणसाचे मन, त्याचे नातेसंबंध, जेवणात शोधलेला त्याचा दिलासा, सारेच हलते. त्या हलण्याला ‘दोन दिवसांत घरी’ या शब्दांत जागा नाही.

आता दुसऱ्या आघाडीकडे वळू. ही आघाडी अधिक जुनी आहे आणि ती आपल्या भाषेत खोल रुजलेली आहे. लठ्ठ, जाड्या, ढेरपोट्या, ढोल, बोजड, माजलेला, सुटलेला: मराठीला या विषयात शब्दांचा दुष्काळ नाही. लॉरेल आणि हार्डी या जोडीचे आपण ‘जाड्या-रड्या’ असे बारसे केले आणि हास्याची दिशा ठरवून टाकली. गंमत अशी, की याच भाषेत पगार ‘लठ्ठ’ असला तर तो कौतुकाचा, हुंडा ‘लठ्ठ’ असला तर तो प्रतिष्ठेचा. मूल ‘बाळसे धरते’ तेव्हा आजीला धन्यता वाटते आणि खाल्लेले ‘अंगी लागत नाही’ ही तक्रार समजली जाते. तेच मूल सोळाव्या वर्षी ‘जरा तोंडावर ताबा ठेव’ या उपदेशाचे धनी होते. घास घास भरवून वाढवलेले शरीर एका ठरावीक दिवशी चारित्र्याचा दोष कसे ठरते, हे कोडे आपण स्वतःला कधी घातलेले नाही.

या उपदेशाला परंपरेचा आधार देण्याची अनेकांना हौस असते. म्हणून परंपराच उघडून पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा अध्याय आहे. निंदित मानलेल्या आठ देहप्रकारांत तिथे अतिउंच, अतिठेंगणा, अतिगौर, अतिकृष्ण यांच्याबरोबर अतिस्थूल येतो, आणि अतिकृशही येतो. अतिस्थूलतेची कारणे देताना जड व गोड आहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांच्या जोडीला चरक ‘बीजस्वभाव’ हेही कारण मांडतो. म्हणजे आईबापांकडून आलेला देहधर्म. शिवाय मेदामुळे मार्ग अडल्याने कोठ्यात फिरणारा वायू अग्नी चेतवतो आणि म्हणून अशा माणसाला भूक अधिक लागते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. त्याचे शरीरशास्त्र आज कुणी जसेच्या तसे मानणार नाही. पण स्थूल माणसाची भूक हा त्याच्या अवस्थेचा परिणामही असतो, ती केवळ हावरटपणाची खूण नव्हे, हे त्याला दिसले होते. आपल्या शेजाऱ्याला अजून दिसलेले नाही.

आधुनिक संशोधनाने हीच दिशा वेगळ्या पुराव्याने पक्की केली. १९९९ साली जपानी संशोधकांनी घ्रेलिन हे भूक वाढवणारे संप्रेरक शोधले. ते मुख्यतः जठरात, विशेषतः त्याच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात असे आढळले, की कडक आहार पाळून वजन उतरवलेल्या माणसांच्या रक्तातील भूक चेतवणारी संप्रेरके वर्षभरानंतरही चढलेलीच होती आणि त्यांना भूकही पूर्वीपेक्षा जास्त लागत होती. शरीर हरवलेले वजन परत मागत राहते. इच्छाशक्तीची लढाई काही आठवड्यांची असते, शरीराची मागणी वर्षानुवर्षांची. स्लीव्ह शस्त्रक्रियेत घ्रेलिन तयार करणारा जठराचा भागच बहुतांशी निघून जातो. बायपासमध्ये आतड्यातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते आणि मधुमेहींची साखर पुष्कळदा वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत, सुधारू लागते. म्हणून या शस्त्रक्रियेला ‘पोट लहान करणे’ म्हणणे हेही अर्धसत्य आहे. भुकेचे व्याकरणच तिथे बदलले जाते. याला ‘शॉर्टकट’ म्हणणारा माणूस चष्मा लावणाऱ्यालाही ‘डोळे जरा मोठे करून वाच’ असे सांगत असला पाहिजे.

आणि या ‘शॉर्टकट’च्या पुढचा रस्ता तरी किती लांब आहे! पहिले काही आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचे अन्न, तेही वाटीभर. प्रत्येक घास चावून चावून. जेवताना पाणी नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, आणि आपल्या वरणभात-पोळीभाजीच्या ताटातून, तेही वाटीभर जेवणात, ती मिळणे कठीण. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर. बायपासनंतर गोड खाल्ले तर छाती धडधडणे, घाम सुटणे, पोटात कळ येणे हे ‘डंपिंग’. स्लीव्हनंतर काहींना छातीत जळजळ कायमची. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे. शिवलेल्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायातील गुठळी फुप्फुसात जाणे हे धोके थोडे, पण खरे. अनुभवी केंद्रांत मृत्यूचा धोका हजारात एक ते तीन इतका, म्हणजे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या आसपास. आणि हे सारे सांभाळत असताना पंगतीत आग्रह चाललेला असतो: ‘एका जिलबीने काय होतंय?’ आग्रह हा आपल्या संस्कृतीचा अलंकार खरा. परंतु तो करणाऱ्याने समोरच्याच्या पोटात काय उरले आहे याची चौकशी करण्याची रीत आपल्याकडे नाही.

बाजार आणि उपहास हे एकमेकांचे विरोधक नाहीत. ते भागीदार आहेत. उपहास माणसाला जेरीस आणतो आणि बाजार त्याला दार उघडून देतो. मग ज्याला आजार म्हणून उपचार हवा, त्याच्या रांगेत लाजेने हाकलून आणलेला माणूसही उभा राहतो. जगभर ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून कितीतरी अधिक आहे. स्वीडनच्या त्या अभ्यासातही ते सत्तर टक्क्यांच्या पुढे होते. आपल्याकडे मात्र २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जादा वजनाच्या वा लठ्ठ स्त्रिया २४ टक्के आणि पुरुष २२.९ टक्के निघाले, म्हणजे फरक नाममात्र. आजार दोघांत जवळपास सारखा पसरला असेल आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर स्त्रियाच अधिक येत असतील, तर त्यांना तिथे आणणारे कारण केवळ वैद्यकीय नाही, हे उघड आहे. लग्नाच्या बाजारात मुलीचे वजन केले जाते. म्हणून ‘लग्नाआधी उरकून घ्या’ हा सल्ला दिला जातो. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी असा वैद्यकीय सल्ला असतो, हे त्या मुलीला, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला आणि नातवंडासाठी घाईला आलेल्या सासूला कोण सांगते?

पुरुष, आणि त्यातही सत्ताधारी पुरुष, यांच्या वाट्याला वेगळी भाषा येते. २०११ साली भाजपचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली. २०१४ साली तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावर दिल्लीत झाली आणि ती मधुमेहाशी निगडित उपचार म्हणून सांगितली गेली. तसे सांगणे योग्यच होते. हीच गंभीर भाषा सामान्य रुग्णाच्या वाट्याला का येऊ नये, एवढाच प्रश्न आहे. याउलट २०१७ साली इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून एका स्त्रीला मालवाहू विमानाने मुंबईत आणले गेले. तिचे वजन पाचशे किलोंच्या घरात असल्याचे सांगितले जात होते. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या वर्षी ते पुरेसे छापून झाले आहे. क्रेनने उचललेली तिची खाट साऱ्या जगाने पाहिली. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, एप्रिलमध्ये किती किलो उतरले यावर नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यात कॅमेऱ्यांसमोर वाद झाला, मे महिन्यात तिला अबुधाबीला नेले आणि सप्टेंबरमध्ये तिथे तिचा मृत्यू झाला. तिच्या मृत्यूचा दोष मी शस्त्रक्रियेला देत नाही. ती येण्याआधीच अनेक व्याधींनी खचलेली होती. मी बोट दाखवतो आहे ते आपल्या पाहण्याकडे. एका आजारी बाईचा रोजचा काटा बातमी म्हणून वाचताना आपण क्रिकेटची धावसंख्या वाचावी तसे वाचत होतो.

भाषेचा हा खेळ केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर मी त्यावर इतकी शाई खर्चली नसती. तो हक्काचा प्रश्न आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात जो निकाल दिला, तो या संदर्भात प्रत्येक मराठी वाचकाने जाणून घ्यावा. त्या रुग्णेने संमती दिली होती ती दुर्बिणीतून तपासणी व त्या अनुषंगाने करायच्या उपचाराला. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालयाने सांगितले की ही संमती नव्हे. उपचाराचे स्वरूप, त्याचे पर्याय आणि त्याचे धोके रुग्णाला पुरेशा प्रमाणात समजले पाहिजेत, आणि एका गोष्टीला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा रुग्ण अर्थातच सही करतो. पण इंग्रजीतल्या छापील संमतिपत्रावर, ‘दुर्बिणीचे छोटेसे ऑपरेशन’ एवढेच डोक्यात असताना केलेली सही ही कायद्याच्या अक्षराला पुरली, तरी त्याच्या अर्थाला पुरते का?

हीच आकड्यांची बेपर्वाई विम्याच्या कलमांत दिसते. उंचीच्या मानाने वजन मोजण्यासाठी बीएमआय वापरतात: किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. अमेरिकेत १९९१ साली शस्त्रक्रियेसाठी ४०, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३५, असे उंबरे ठरले. भारतीय शरीर मात्र कमी वजनातही अधिक मेद बाळगते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचा अभ्यास केला. ती सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बालके ३.५ किलोंची, पण वजनात एवढी उणी असूनही पुण्याच्या बाळांनी मेद राखलेला होता, कमी होते ते स्नायू. २००४ साली याज्ञिकांनी स्वतःचे आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचे उदाहरण छापले: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील मेद एकाचा २१.२ टक्के आणि दुसऱ्याचा ९.१ टक्के. अधिक मेद कोणाचा हे सांगायला नको. म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेचे उंबरे ३७.५ आणि आजार असल्यास ३२.५ असे खाली आणले. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनीही जुने उंबरे आणखी उतरवले.

आता २०२० पासून लागू झालेले आरोग्यविम्याचे प्रमाणित कलम पाहा. त्यात आकडे आहेत ४० आणि ३५; तेच १९९१चे, अमेरिकी देहाचे. याचा अर्थ १६० सेंटीमीटर उंचीच्या, मधुमेह आटोक्यात न येणाऱ्या स्त्रीला भारतीय वैद्यक ८३ किलोंना शस्त्रक्रियेस पात्र समजते, तर विमा तिला पात्र समजतो जवळजवळ ९० किलोंना. मधल्या सहा किलोंसाठी तिने काय करायचे? पोटाला चिमटा काढून लाखांच्या घरातला खर्च स्वतः उभा करायचा, की विम्याच्या काट्यापर्यंत पोचण्यासाठी आणखी खायचे? ज्या समाजात तिला रोज ‘कमी खा’ म्हणून सुनावले जाते, त्याच समाजाची कागदपत्रे तिला ‘अजून थोडी जाड होऊन ये’ म्हणतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. डॉक्टर म्हणतील: आधीच ज्यांना गरज आहे त्यांतले फार थोडे आमच्याकडे येतात; तुम्ही आतड्यांचे आणि गळतीचे वर्णन करून उरलेसुरलेही घाबरवाल; ‘दुर्बीण’ हा शब्द त्यांना धीर देतो, तो का काढून घेता? धीराची गरज मला मान्य आहे. पण खोट्या मापाने दिलेला धीर पहिल्या उलटीपर्यंत टिकतो. ज्याला लहान ऑपरेशन सांगितले, तो गोळ्याही लहान बाब समजतो आणि दोन वर्षांत तपासणीला येणे सोडतो. मग बी-१२च्या अभावाने हातापायांना मुंग्या येऊ लागल्या की त्याचा संबंध कशाशी आहे हे त्याला सांगायला कुणी नसते. हृदयाच्या बायपासला कुणी ‘छोटीशी’ म्हणत नाही, तरी माणसे ती करून घेतात. कारण तिचे गांभीर्य त्यांना समजलेले असते, आणि शेजारीपाजारी ‘शॉर्टकट घेतला’ असे म्हणत नाहीत. गांभीर्याने माणूस घाबरतो त्यापेक्षा अधिक सावध होतो.

शिवाय हा प्रश्न आता शस्त्रक्रियेपुरता उरलेला नाही. २०२५ साली मौंजारो आणि वेगोवी ही आठवड्याला टोचायची औषधे भारतात आली. तीही भुकेच्या संप्रेरकांवरच काम करतात, तीही अनेकांसाठी खरा उपचार आहेत, आणि ती थांबवली की वजन पुष्कळदा परतते. त्यांच्याभोवती तीच दोन वाक्ये घुमू लागली आहेत: ‘अगदी सोपे’ आणि ‘शॉर्टकट’. साधन बदलले, छिद्र सुईच्या टोकाएवढे झाले, उलटी दुर्बीण तशीच राहिली.

मराठीच्या अध्यापकाने वैद्यकात नाक खुपसू नये, हे मला ठाऊक आहे. परंतु संमतिपत्र हा मजकूर आहे आणि मजकूर हे आमचे क्षेत्र आहे. म्हणून एक साधी मागणी करतो. महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाचे संमतिपत्र मराठीतही असावे. त्यात कर्म असावे, आकडे असावेत. ते शस्त्रक्रियेच्या सकाळी नव्हे, तर निदान आठवडाभर आधी घरी वाचायला दिलेले असावे. त्याचे पहिले वाक्य असे काहीसे असू शकेल: ‘माझ्या जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढला जाणार आहे, त्यानंतर मला जन्मभर गोळ्या आणि तपासण्या लागतील, माझे वजन बरेच उतरेल, पण मी त्या छायाचित्रातल्यासारखा दिसेनच असे नाही.’ हे वाक्य वाचून, रात्रभर विचार करून जो माणूस खाली सही करील, त्याला सोपा मार्ग दाखवला गेला असे म्हणता येणार नाही. आणि जो सही न करता परत जाईल, त्याच्याही निर्णयाचा तेवढाच मान राखला जावा.